नेहमीची पेलेट संपली तेव्हा

स्पर्धा तोंडावर आलेली असते आणि नेमकी नेहमीची पेलेट कुठेच मिळत नाहीत. मग दुकानातून वेगळीच डबी हातात पडते: हॉलो पॉइंट, म्हणे जास्त जोरात लागतात. मुलांना दहा मीटर एअर पिस्तूल शिकवणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या अनेक पालकांनी हे अनुभवले आहे. ती डबी घ्यायची नाही.

हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळी ठेवलेली गोळी. लागल्यावर ती फुलावी, एवढाच त्या पोकळीचा हेतू. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात लष्करासाठी अशा फुलणाऱ्या गोळ्या बनल्या, आणि 1899 च्या हेग परिषदेत त्या युद्धात वापरण्यावर बंदी आली. कागदी टार्गेटला फुलण्याशी काय देणेघेणे? तिथे हवे स्वच्छ गोल भोक. ते सपाट तोंडाचे पेलेट पाडते. टोकदार किंवा पोकळ पेलेटने कागद फाटतो, आणि रेषेला चिकटलेला नेम नऊचा की दहाचा, यावरून वाद सुरू होतो.

पर्याय शोधायचा तर सपाट तोंडाच्या पेलेटमध्येच शोधावा. पिस्तुलाला साधारण 0.45 ग्रॅमची पेलेट लागतात, रायफलला 0.53 ग्रॅमची. डबीवर डोक्याचे माप असते, 4.49 किंवा 4.50 मिमी. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेल्या आईबापांना शतांश मिलिमीटरची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आलेल्या मालाचे इन्स्पेक्शन ते रोज करतात, तेच इथेही करायचे. पेलेट पांढऱ्या कागदावर ओतावीत आणि दिव्याखाली त्यांची मागची पातळ कड पाहावी. प्रवासात डबी आदळली की ती कड चेपते, आणि चेपलेले पेलेट भलतीकडेच जाते. मग पिस्तूल टेकवून, एकाच बैठकीत, प्रत्येक डबीचे दहा-दहा नेम मारावेत. जिची भोके सर्वात जवळजवळ पडतात, म्हणजे जिचा ग्रुप लहान, ती घ्यावी. महाग डबी चांगलीच असेल असे नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते.

पंचवीस मीटरचा खेळ सुरू झाला की प्रकरण गंभीर होते. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाज .22 ची काडतुसे वापरतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांची गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी लागते. वर धातूचे आवरण चालत नाही. तुटवड्यात हाय व्हेलॉसिटी काडतुसांचा मोह होतो, पण स्पर्धेची पिस्तुले मंद, स्टँडर्ड वेगासाठी बनवलेली असतात. जादा धक्क्याने त्यांचे भाग लवकर झिजतात.

‘काडतुसांच्या रिकाम्या केस आपणच भरल्या तर?’ भोसरी-चाकणमध्ये लेथ आणि डाय करणारे कसबी हात पावलोपावली असल्यामुळे हा प्रश्न इथे हमखास निघतो. .22 च्या केसची कडच पेटणारी असते आणि पिनेने ती एकदा चेपली की केस संपली. मोठ्या बोअरच्या केस तांत्रिकदृष्ट्या पुन्हा भरता येतात, पण शस्त्र कायदा, 1959 नुसार काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. परवान्याशिवाय दारूगोळा बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे, कमाल जन्मठेप. शेजारचा ओळखीचा टर्नर कितीही हुशार असला तरी हे काम त्याला सांगू नये.

नव्या लॉटची काडतुसे पहिल्यांदा वापरताना कान उघडे ठेवावेत. बार दबका वाजला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार अजिबात काढू नये. बार उडालाच नाही, तरीही नळी टार्गेटकडेच धरून किमान तीस सेकंद थांबावे आणि मग प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पिस्तूल रिकामे करावे. त्या डबीचा लॉट नंबर लिहून ठेवून दुकानदाराला आणि बरोबरच्या नेमबाजांना त्याच दिवशी कळवावा, म्हणजे तोच माल दुसऱ्या कुणाच्या पिस्तुलात जाणार नाही.