मूल्याचा ताबा: जुन्या वस्तूंच्या विक्रीतील सावधगिरी

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज किंवा उपवासाविषयी नसून देण्याघेण्याविषयी आहे. सूरह अल-बकरहच्या या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीच्या वेळी साक्षीदार ठेवण्याची शिकवण दिली आहे. यावरून स्पष्ट होते की, व्यवहारातील सावधगिरी म्हणजे समोरच्या माणसाविषयी वाईट ग्रह बाळगणे नव्हे. तिच्यामुळे दोघांचाही हक्क सुरक्षित राहतो.

आळंदी, मरकळ, चाकण, भोसरी या पट्ट्यात कारखान्यांच्या आधारे जगणारी असंख्य कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात. कंत्राट संपले, बदली झाली किंवा गावी परतायचे ठरले की फ्रिज, पलंग, दुचाकी विकावी लागते. जाहिरात मोबाईलवर दिली जाते, गिऱ्हाईक अनोळखी असते आणि पैसे यूपीआयने येतात. घाईत असलेल्या अशा कामगाराची महिन्याची कमाई एका चुकीच्या बटणाने जाऊ शकते. म्हणून या व्यवहाराचे नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

सौदा आणि मूल्य यांतील अंतर

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका ग्रामीण अरबाकडून घोडा खरेदी केला आणि मूल्य घेण्यासाठी त्याला सोबत येण्यास सांगितले. प्रेषित (स.) पुढे निघाले, तो मागे रेंगाळला. सौदा झाल्याचे ठाऊक नसलेले लोक वाटेत त्या घोड्याचा भाव करू लागले. तेव्हा तो विक्री नाकारून साक्षीदार मागू लागला. माननीय खुजैमा बिन साबित (रजि.) यांनी साक्ष दिली. सौदा ठरणे आणि मूल्य हाती पडणे यांमध्ये जे अंतर राहते, त्यातच वादाला जागा मिळते. आजचा ठगही नेमका याच अंतरात हात घालतो.

हनफी फिकहनुसार रोखीच्या विक्रीत पूर्ण मूल्य मिळेपर्यंत वस्तू आपल्याकडे ठेवण्याचा विक्रेत्याला हक्क आहे. मग मोबाईलवरील व्यवहारात मूल्य ‘मिळाले’ असे केव्हा म्हणावे? जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1990 मध्ये ठराव केला की, खात्यात रक्कम जमा होणे हा हुक्मी कब्जा, म्हणजे ताब्यासमानच आहे. गिऱ्हाइकाने दाखविलेला स्क्रीनशॉट किंवा ‘रक्कम जमा’ असा संदेश म्हणजे ताबा नव्हे. दोन्ही बनावट असू शकतात. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी आणि मगच वस्तू सोपवावी.

व्यवहार करताना

यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले. त्याचा एक नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोणाचा क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. सैन्यात नोकरीला असल्याचे सांगून, वस्तू न पाहताच भाव मान्य करून ‘पैसे घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार तिथेच थांबवावा. व्यक्ती-व्यक्तींमधील पैसे मागण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. पण क्यूआर कोडची ही युक्ती त्यामुळे संपलेली नाही.

सुरक्षित मार्ग सोपा आहे. गिऱ्हाइकाला वर्दळीच्या ठिकाणी दिवसा बोलवावे, आपला क्यूआर कोड आपण दाखवावा, सोबत घरातील एखादी व्यक्ती साक्षीदार म्हणून असावी. धनादेश घेतल्यास तो वटेपर्यंत वस्तू देऊ नये. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने 1 एप्रिल 2017 पासून मनाई आहे. दुचाकी विकल्यास मूल्याबरोबरच फॉर्म 29 व 30 भरून मालकी हस्तांतराची नोंद आरटीओत करून घ्यावी. नोंद होईपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे.

इसाऱ्याचा प्रश्नही येतो. सौदा मोडल्यास इसारा जप्त करणे बहुसंख्य फुकहांनी अमान्य केले आहे, तर हंबली मताने ते मान्य आहे. फिकह अकादमीने 1993 मध्ये मुदत ठरलेली असेल तर त्यास अनुमती दिली. म्हणून इसारा घेतानाच अट आणि मुदत लिहून घ्यावी.

विक्रेत्याची जबाबदारी

आपला हक्क जपणाऱ्याने गिऱ्हाइकाचा हक्कही जपला पाहिजे. धान्याच्या राशीत आतला ओला भाग दडविणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) कडक शब्दांत समज दिली होती, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर बदललेला असेल, दुचाकीला अपघात झाला असेल, तर ते आधीच सांगावे. दोष लपवून मिळविलेली रक्कम खात्यात सुरक्षित आली, तरी ती शुद्ध ठरत नाही.

कधी कोणी ‘चुकून जास्त पाठविले, उरलेले परत करा’ असे सांगतो. आधी खाते तपासावे. रक्कम खरोखर जास्त आली असेल तर ती अमानत आहे, ती परत केलीच पाहिजे; मात्र सांगितलेल्या तिसऱ्याच क्रमांकावर न पाठविता बँकेला लेखी कळवून बँकेमार्फत परत करावी. ती रक्कम दुसऱ्या कोणाची लुटलेली असू शकते आणि तपासात आपलेच खाते गोठविले जाऊ शकते.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ 1930 या क्रमांकावर व बँकेला कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. जितका उशीर होईल, तितकी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत जाते. तक्रारीने केवळ आपलेच पैसे वाचण्याची आशा राहते असे नाही, पुढचा एखादा बांधवही वाचतो.

तिर्मिजीतील हदीसनुसार उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. आपल्या व्यवहारात उंट बांधणे म्हणजे खाते स्वतः पाहणे, पिन स्वतःजवळ ठेवणे आणि वस्तूचा दोष स्वतःहून सांगणे. अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.