लोखंडाच्या अणूंतील सव्वीस इलेक्ट्रॉन

जालना येथील कारखान्यांत मोडकें लोखंड वितळवून त्याच्या सळया तयार करितात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. घराचें बांधकाम चालू असतां अशा सळया पावसांत उघड्या राहिल्या, तर त्यांवर तांबूस गंज चढतो. हा गंज कां चढतो, हें नीट समजण्यासाठीं अणूच्या अंतरंगांत डोकावलें पाहिजे.

लोखंडाच्या प्रत्येक अणूंत २६ इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोंवतीं ठराविक कक्षांतच असतात, असें नील्स बोर यांनीं १९१३ सालीं प्रतिपादिलें. या कक्षांस आपण कवचें म्हणतों. पुढें १९२६ सालीं श्रोडिंगर यांनीं मांडलेल्या समीकरणावरून असें दिसून आलें कीं, इलेक्ट्रॉनाचा मार्ग ग्रहाच्या मार्गासारखा आंखून दाखवितां येत नाहीं. तो कोठें आढळण्याचा संभव अधिक, एवढेंच सांगतां येतें. अशा जागेस कक्षक हें नांव आहे.

विद्यार्थिमित्रहो, कवच हा वसतिगृहाचा मजला मानिला, तर कक्षक ही त्यांतील खोली होय. पहिल्या मजल्यावर एस नांवाची एकच खोली आहे. दुसऱ्यावर एक एस व तीन पी. तिसऱ्यावर यांखेरीज पांच डी. एका खोलींत दोघांहून अधिक इलेक्ट्रॉन राहूं शकत नाहींत, व त्या दोघांची फिरकी परस्परविरुद्ध असावी लागते. हा निर्बंध पाउली यांनीं १९२५ सालीं सांगितला. म्हणून या तीन कवचांत अनुक्रमें २, ८ व १८ इलेक्ट्रॉन मावतात.

येथें पुष्कळ विद्यार्थी फसतात. २ व ८ गेल्यावर उरलेले १६ तिसऱ्या कवचांत सहज मावतील, असें समजून ते २, ८, १६ असें लिहितात. खरी मांडणी २, ८, १४, २ अशी आहे. चवथ्या मजल्यावरील एस खोलींतील इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्रकाच्या अगदीं जवळ आढळतो. त्यामुळें पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या अणूंत डी खोल्या रिकाम्या असतांच ती खोली भरते. लोखंडांत तींत दोन व पांच डी खोल्यांत सहा इलेक्ट्रॉन असतात.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. शेवटीं आलेला प्रथम बाहेर पडेल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु तसें होत नाहीं. लोखंडाचा अणु प्रथम चवथ्या कवचांतील दोन इलेक्ट्रॉन सोडतो, कारण एकंदरींत केंद्रकापासून अधिक दूर तेच असतात. आणखी एक डी इलेक्ट्रॉन गेला, म्हणजे पांच खोल्यांत एकेक असे पांच उरतात, व ही मांडणी विशेष स्थिर असते.

आतां गंजाकडे वळूं. प्राणवायूच्या अणूंत २ व ६ इलेक्ट्रॉन असतात. बाहेरील कवच पूर्ण होण्यास दोन कमी. पाण्याच्या सान्निध्यांत लोखंडानें सोडलेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो, आणि तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचा तांबूस गंज तयार होतो. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाहून मोठें असल्यामुळें तो काँक्रीटमध्यें फुगतो व छताला तडे पाडतो. म्हणूनच जाणता गवंडी सळयांभोंवतीं काँक्रीटचा पुरेसा थर ठेवितो. डोळ्यांस न दिसणाऱ्या या मांडणीवर आपल्या घराचें आयुष्य किती अवलंबून आहे, हें यावरून लक्षांत येईल.