उत्पन्नातील खंड आणि घरकर्जाचा हप्ता : एक अभ्यास

घर घेणे वा बांधणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार होय. तो बहुधा कर्जावर होतो आणि कर्जाचा हप्ता दरमहा ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. परंतु डहाणू-तलासरी भागात कमाई बारमाही सारखी नसते. कोणी उंबरगाव, वापी वा बोईसरच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो, कोणी डहाणू लोकलने मुंबईकडे जातो. मच्छीमारांची कमाई पावसाळी बंदीत थांबते. ठेका संपला किंवा आजारपण आले, की दोन-चार महिने हात रिकामा राहतो. अशा वेळी हप्त्याचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हप्त्याची घडण

हप्त्याचे दोन भाग असतात : व्याज आणि मुद्दल. समजा, १० लाख रुपये कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ८,९९७ रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त १,४९७ रुपयांनी फिटते. पुढे व्याज घटत जाते. १५ वर्षांनंतर बाकी सुमारे ४ लाख ३३ हजार राहते व महिन्याचे व्याज सुमारे ३,२५० रुपये असते.

थांबवणे आणि कमी करणे

वरील कर्जदाराने अगदी सुरुवातीलाच सहा महिने हप्ता पूर्ण थांबवला असे धरू. न भरलेले व्याज मुद्दलात मिळून बाकी १०,४५,८५२ रुपये होते. नंतर हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २७५ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या सवलतीपोटी ३५ हप्ते, अर्थात तीन लाखांहून अधिक रुपये, वाढतात.

त्याऐवजी बँकेच्या संमतीने सहा महिने फक्त व्याज, म्हणजे दरमहा ७,५०० रुपये भरले, तर मुद्दल १० लाखच राहते. जादा खर्च ४५,००० रुपये आणि कर्ज सहा महिने उशिरा फिटते, इतकेच. कर्ज जुने असल्यास हा मार्ग अधिकच सोयीचा, कारण ८,९९७ ऐवजी सुमारे ३,२५० रुपयांवर भागते. म्हणून अल्पकाळाच्या अडचणीत हप्ता बंद करू नये, तो कमी करून घ्यावा.

२०२० चा धडा

टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांच्या हप्तेस्थगितीस परवानगी दिली व पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अनेकांना ती माफी वाटली. प्रत्यक्षात व्याज चालूच होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी त्या काळातील व्याजावरील व्याज रद्द ठरवले, पण मूळ व्याज माफ करण्यास नकार दिला. स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे कायम ध्यानात ठेवावे.

अर्ज कसा करावा

१) हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत जावे. थकबाकीदार होण्याआधी आलेल्या माणसाचे म्हणणे अधिक ऐकले जाते.

२) लेखी अर्ज द्यावा. कमाई का थांबली, ती केव्हा सुरू होईल आणि तोवर दरमहा किती भरता येईल, हे आकड्यांत लिहावे. कामावरून कमी केल्याचे पत्र वा दवाखान्याची कागदपत्रे जोडावीत.

३) अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. सवलत लेखी मिळाल्याशिवाय ती मिळाली असे समजू नये.

४) बँकेवर सवलत देण्याचे बंधन नाही, आणि पुनर्रचनेची नोंद पतइतिहासात राहू शकते. दोन्ही गोष्टी आधी विचाराव्यात.

५) कमाई सुरू होताच साचलेले व्याज एकरकमी भरावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँका मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत.

मौन नको

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. नोटिशीवर लेखी हरकत घेता येते व तिला १५ दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. नोटीस न घेता परत पाठवणारा स्वतःची संधीच परत पाठवतो.

हप्ता भरण्यासाठी खाजगी सावकार गाठणे तर सर्वांत घातक. तलासरी-डहाणूच्या मातीला हा अनुभव नवा नाही. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी वारली नवरा-बायकोला जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबावे लागे. अशांना 'लग्नगडी' म्हणत. ही गुलामी मोडण्यासाठी १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उठले. कर्ज किती आणि फिटले किती, याचा हिशोब त्या काळी गड्याच्या हाती नव्हता. आज तो आपल्या हाती आहे. बँकेकडून खातेउतारा मागून घेता येतो.

विद्यार्थ्यांसाठी

घरात कर्ज असल्यास आई-वडिलांकडून खातेउतारा मागून घ्यावा. शेवटच्या हप्त्यात व्याज किती व मुद्दल किती, हे वहीत मांडावे. सहा महिने फक्त व्याज भरल्यास किती रक्कम लागेल, तेही काढावे आणि तेवढी शिल्लक हळूहळू साठवण्यास घरच्यांना सुचवावे. अडचण येण्यापूर्वी केलेला हा हिशोब अडचणीच्या दिवशी घर राखील.