दातांवरील डाग आणि आहार

दिल्लीच्या नैर्ऋत्येस नजफगढ परिसरातील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेपेक्षा अधिक आढळते. असे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण दात जबड्यात घडत असतानाच दंतवल्कात दोष राहिलेला असतो. अक्कलदाढा वगळता कायमच्या दातांचे दंतवल्क सुमारे आठव्या वर्षापर्यंत तयार होते. जपायचे ते याच वयात. दूध-दह्यातील कॅल्शियम पोटात फ्लोराइडला बांधून ठेवते व त्याचे शोषण घटवते. तेच पाणी रिकाम्या पोटी अधिक शोषले जाते. अर्थात सुरक्षित पाण्याची जागा दूध घेऊ शकत नाही. पण ज्या घरचे सारे दूध विक्रीस जाते, तेथील मुलांच्या वाट्याला एवढेही संरक्षण येत नाही.