दगडांना वाचा फुटली

विद्यार्थिमित्रांनो, वर्गातील जगाचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर रत्नागिरी शोधा. आता तेथे बोट ठेवून ते सरळ पश्चिमेकडे न्या. अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट आणि अटलांटिक महासागर ओलांडून तुमचे बोट मध्य अमेरिकेत पोहोचेल. तेथे मेक्सिको आणि ग्वाटेमाला या दोन देशांच्या सीमेवर उसुमासिंता नावाची मोठी नदी वाहते. रत्नागिरी आणि या नदीचा हा भाग, दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर आहेत. तेथेही आपल्यासारखा कडक उन्हाळा असतो आणि भरपूर पावसाचे महिने असतात. आज आपण या नदीतून पाच दिवसांचा प्रवास करणार आहोत. आपली होडी कल्पनेची आहे; पण वाटेत जे दिसेल ते सर्व खरे आहे.

उर्दूत नदीला 'दर्या' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र! शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचे दोन अर्थ झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. प्रवासात पुढे असाच आणखी एक शब्द आपल्या उपयोगी पडणार आहे.

पहिला दिवस. मेक्सिकोच्या तीरावरील फ्रोन्तेरा कोरोसाल या गावातून आपण निघतो. आपली होडी 'कयाक' प्रकारची आहे. ती अरुंद, हलकी आणि वरून बरीचशी झाकलेली असते. तिच्यात एक किंवा दोन माणसे पाय लांब करून बसतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मारीत पुढे जायचे. कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. ते ती सीलच्या कातड्याने मढवीत. उसुमासिंतेच्या काठी राहणारे माया लोक मात्र मोठ्या झाडाचे खोड कोरून होडी करीत. घनदाट अरण्यात नदी हाच त्यांचा हमरस्ता होता. बैलगाडी नव्हती, घोडा नव्हता. ओझे एकतर माणसाच्या पाठीवर, नाहीतर होडीत.

दोन्ही काठांवर झाडांची भिंत उभी आहे. त्यांत पांढऱ्या सावरीची उंच झाडे आहेत. माया लोक या झाडाला पवित्र मानीत. त्यांच्या शेजारी आपला एक जुना ओळखीचा उभा आहे, चिकू! डहाणू-घोलवडचे चिकू तुम्ही आवडीने खाता. त्या झाडाचे मूळ घर हेच अरण्य. त्याचे लाकूड इतके टणक असते, की तिकाल या शहरातील मंदिरांच्या दारांवर माया लोकांनी बसविलेल्या त्याच्या तुळया हजार वर्षांनंतरही टिकून राहिल्या. तेवढ्यात झाडीतून मोठी डरकाळी ऐकू येते. घाबरू नका. तो वाघ नाही. तेथील एका जातीची माकडे अशीच ओरडतात. त्यांचा आवाज दोन-तीन मैलांवर जातो.

दिवस कलता कलता नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणाच्या आत याशचिलान हे प्राचीन शहर आहे. येथे यायला नदीखेरीज दुसरी सोयीची वाट नाही.

दुसरा दिवस. काठ चढून आपण शहरात शिरतो. प्रवेश एका अंधाऱ्या इमारतीतून आहे. आत वळणावळणाची बोळे आहेत आणि छताला वटवाघळे लटकलेली आहेत. बाहेर पडताच उजेडात मोठा चौक दिसतो. माया शहरांचा भरभराटीचा काळ इसवी सन २५० ते ९०० असा मानतात. याशचिलानची कीर्ती दारांवरील कोरीव आडव्या शिळांमुळे आहे. कोरीव चित्र शिळेच्या खालच्या बाजूला असल्याने ते पाहण्यासाठी दारात उभे राहून मान वर करावी लागते. सन ७०९ मधील एका चित्रात राजा हातात पेटती मशाल धरून उभा आहे. त्याच्यासमोर राणी गुडघे टेकून बसली आहे. ती जिभेतून काटेरी दोर ओढून स्वतःचे रक्त देवाला अर्पण करीत आहे. असा कठीण विधी राजघराण्यातील स्त्री-पुरुषांना करावा लागे. आल्फ्रेड मॉडस्ली हा इंग्रज संशोधक १८८२ साली येथे आला. त्याने ही शिळा इंग्लंडला पाठविली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

चित्राच्या कडेला चौकोनी, गोलसर अशी अनेक चिन्हे कोरलेली आहेत. ती नक्षी नाही. ती माया लोकांची लिपी आहे. पण मॉडस्ली आला, तेव्हा जगात कोणालाही ती वाचता येत नव्हती. असे का झाले?

त्याचे उत्तर दुःखदायक आहे. माया लोक झाडाच्या सालीच्या कागदावर पुस्तके लिहीत. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी हा प्रदेश जिंकला. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांची पुस्तके जाळून टाकली. ती सैतानाची आहेत असे त्याचे मत होते. पुढे ही लिपी लिहिणारेही उरले नाहीत. एकेकाळी या देशात असलेल्या पुस्तकांपैकी आज जगात फक्त चार शिल्लक आहेत.

तिसरा दिवस. आपण प्रवाहाबरोबर पुढे निघतो. पुढचे शहर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. कोठे पाणी संथ आहे, तर कोठे खडकांवर फेसाळते. अशा ठिकाणी वाटाड्या हात वर करतो; सर्वांनी थांबायचे आणि तो दाखवील त्याच वाटेने जायचे. ही सीमेवरची नदी आहे आणि हे दाट अरण्य आहे. परवानगीशिवाय आणि जाणत्या वाटाड्याशिवाय येथे कोणी धाडस करू नये. रात्री वाळूवर तंबू ठोकायचा, तोही पाण्यापासून उंचावर. कारण वर कोठेतरी पाऊस झाला, तर नदी रातोरात चढते.

चौथा दिवस. ग्वाटेमालाच्या तीरावर पिएद्रास नेग्रास हे शहर येते. या स्पॅनिश नावाचा अर्थ 'काळे दगड'. याशचिलानचे हे जुने वैरी. दोन्ही शहरे नदीवरील सत्तेसाठी शतकानुशतके लढली. सन ८०८ मध्ये याशचिलानच्या राजाने पिएद्रास नेग्रासच्या राजाला कैद केले आणि तो विजय दारावरील शिळेत कोरून ठेवला. पण गंमत पाहा. त्यानंतरची तारीख असलेला याशचिलानचा एकही लेख सापडलेला नाही. हरलेले शहर ओस पडले आणि जिंकलेलेही ओस पडले. दोघांवर सारखेच अरण्य वाढले.

याच शहरात दगडांना वाचा फुटली. ती फोडली एका स्त्रीने. तिचे नाव तातियाना प्रोस्कुरियाकॉफ.

तातियानाचा जन्म १९०९ साली सायबेरियातील तोम्स्क शहरी झाला. लहानपणीच ती आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेली. तिने वास्तुशास्त्राची पदवी घेतली; पण तो मंदीचा काळ होता. घरे बांधणारेच नव्हते, तर आराखडे काढणाऱ्यांना काम कोण देणार? म्हणून ती एका संग्रहालयासाठी चित्रे काढू लागली. त्या कामावरूनच तिला पिएद्रास नेग्रासच्या उत्खननात चित्रकार म्हणून पाठविण्यात आले. पडक्या भिंती मोजून मूळ इमारत कशी असेल, याची चित्रे ती काढी.

त्या काळी विद्वानांना माया लिपीतील केवळ अंक आणि तारखा वाचता येत. अंक सोपे होते. एक टिंब म्हणजे १, एक आडवी रेघ म्हणजे ५. दोन रेघा आणि तीन टिंबे म्हणजे १३. शून्यासाठी शिंपल्यासारखे वेगळे चिन्ह होते. इतक्या तारखा पाहून विद्वानांनी ठरविले, की हे दगड फक्त काळाचे गणित आणि देवांची नावे सांगतात. त्यांत माणसांचा इतिहास नाही.

तातियानाने घाई केली नाही. पिएद्रास नेग्रासचे उंच कोरीव दगड मंदिरांसमोर गटागटाने उभे होते. तिने प्रत्येक गटातील तारखा एका कागदावर मांडल्या. एका गटातील पहिल्या व शेवटच्या तारखेतील अंतर माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठे नव्हते! प्रत्येक गटात एका तारखेजवळ वर तोंड केलेल्या बेडकासारखे चिन्ह होते. त्यानंतर १२ ते ३१ वर्षांनी दुसरी तारीख येई. तिच्याजवळ दाढ दुखताना फडके बांधावे, तसे बांधलेले डोके कोरलेले होते. मग तिला उलगडा झाला. बेडकाचे चिन्ह म्हणजे राजाचा जन्म आणि बांधलेले डोके म्हणजे त्याचे राज्यारोहण. प्रत्येक गट एकेका राजाचा होता. अशा सात राजांची परंपरा तिने लावून दाखविली. हा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. पायघोळ वस्त्रे घातलेल्या ज्या आकृतींना विद्वान पुरोहित समजत, त्यांतील अनेक आकृती स्त्रियांच्या आहेत, हेही तिने दाखविले.

आता तो दुसरा शब्द आठवा. मराठीत 'तारीख' म्हणजे महिन्यातील दिवस. उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवसही आणि इतिहासही. विद्वानांना दगडांवर मराठीतली तारीख दिसत होती. तातियानाने त्यांत उर्दूतली तारीख वाचली!

पण चिन्हांचा उच्चार कसा करायचा? ते कोडे रशियातील लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव या संशोधकाने १९५२ साली सोडवायला घेतले होते. तेव्हा त्याने माया शहर डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. पुस्तके जाळणाऱ्या लांदानेच आपल्या लेखनात काही माया चिन्हे उतरवून ठेवली होती. लांदाला वाटले, की ती स्पॅनिश अक्षरांसारखी आहेत. क्नोरोझोवने ओळखले, की एक चिन्ह म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र, आपल्या बाराखडीतील 'कु' किंवा 'लु'सारखे. टर्की या पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे होती. पहिले 'कु' होते. माया भाषेत या पक्ष्याला 'कुत्स' म्हणतात; म्हणून दुसरे 'त्सु' असले पाहिजे. कुत्र्याच्या चित्रावर तेच 'त्सु' आधी आणि नंतर 'लु' होते. कुत्र्याचा माया शब्द आहे 'त्सुल'! शेवटचा स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही. उत्तर जुळले.

येथे एक गोष्ट विसरू नका. 'कुत्स' आणि 'त्सुल' हे शब्द क्नोरोझोवला कळले, कारण माया भाषा मेल्या नव्हत्या. पुस्तके जळाली, शहरे ओस पडली. पण घराघरांत आया मुलांशी आपल्याच भाषेत बोलत राहिल्या. आज माया कुळातील सुमारे तीस भाषा लाखो लोक बोलतात. फ्रोन्तेरा कोरोसालचे नावाडी बोलतात ती चोल भाषा, शिलालेखांच्या भाषेची जवळची नातलग आहे. आता माया समाजातील शिक्षक आणि तरुण आपल्या पूर्वजांची लिपी पुन्हा शिकत आहेत.

पाचवा दिवस. पिएद्रास नेग्रासचा निरोप घेताना तेथील टेकडीवरील महालाकडे एकदा पाहू या. तातियाना १९८५ साली वारली. तिच्या अस्थी १९९८ साली येथेच पुरण्यात आल्या. ज्या दगडांना तिने बोलते केले, त्यांच्या शेजारीच तिला जागा मिळाली. पण या शहरातील कित्येक दगडांचे चेहरे चोरांनी करवतीने कापून विकले. अर्धा लेख एका देशात आणि अर्धा दुसऱ्या देशात गेला, तर तो वाचायचा कसा? थोडे पुढे बुसिल्हाचा धबधबा थेट नदीत कोसळतो. त्यापुढे सान होसेची खोल घळई आणि धोक्याचे पाणी. आपण येथेच वल्हे ठेवू.

मित्रांनो, दगड बाराशे वर्षे बोलतच होते. ऐकणाऱ्याला त्यांची भाषा येत नव्हती. तुम्ही एक लिपी उजवीकडून डावीकडे वाचता आणि दुसरी डावीकडून उजवीकडे. पुढच्या सुट्टीत आपल्या गावातील किल्ला, मशीद, मंदिर किंवा जुनी विहीर पाहायला जा. तेथील दगडावर फारसी किंवा मराठी अक्षरे आहेत का, ते पाहा. त्यावर खडूने रेघ ओढू नका, नाव कोरू नका. ती अक्षरे वहीत उतरवून घ्या आणि वाचण्याचा प्रयत्न करा.

शब्दार्थ
हमरस्ता – मोठा, रहदारीचा रस्ता. वाटाड्या – वाट दाखविणारा. वैरी – शत्रू, दुश्मन. ओस – निर्जन, वीरान. राज्यारोहण – राजा गादीवर बसणे. घळई – दोन डोंगरांमधील अरुंद खोल वाट.

वाक्प्रचार
वाचा फुटणे – बोलू लागणे. उलगडा होणे – कोडे सुटणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उसुमासिंता नदी कोणत्या दोन देशांच्या सीमेवर वाहते?
(आ) तंबू पाण्यापासून उंचावर का ठोकायचा?
(इ) माया अंकांत १८ ही संख्या कशी लिहाल?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दगडांवरील तारखा राजांच्या जीवनातील आहेत, हे तातियानाने कसे ओळखले?
(आ) माया भाषा जिवंत नसत्या, तर क्नोरोझोवला कोणती अडचण आली असती?

प्र. ३. 'दर्या' आणि 'तारीख' यांप्रमाणे उर्दूत व मराठीत वेगवेगळे अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा दोन्ही अर्थांनी वाक्यात उपयोग करा.