ठिबकच्या नळीतील चिकट थर : कारणे व उपाय



नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहादा व तळोदा तालुक्यांत, केळी, पपई, ऊस व मिरचीसाठी ठिबक संच वापरला जातो. तापी नदीचे किंवा शेततळ्याचे साठलेले पाणी वापरताना त्यातून गाळ, शेवाळ व जिवाणू नळीत येतात. पंपाजवळची झाडे हिरवीगार आणि नळीच्या टोकाची झाडे पिवळी पडू लागली, तर केवळ खताचा डोस वाढवू नका. खतही पाण्यातूनच जाते; तोटी तुंबली की झाडाला दोन्ही मिळत नाही.

थर कसा तयार होतो?

पाण्यातील जिवाणू नळीच्या आतील बाजूस चिकटतात आणि स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ तयार करतात. यालाच जैवपटल म्हणतात. त्यात गाळाचे कण अडकतात आणि तोटीचा मार्ग अरुंद होतो.

या डिंकात शर्करा व प्रथिनांबरोबर डीएनएही असतो. डीएनए म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्य. काही जिवाणू फुटून मरतात, तेव्हा त्यांचा डीएनए बाहेर पडतो. त्याचे लांब धागे उरलेल्या जिवाणूंना सुतळीप्रमाणे बांधून ठेवतात. सन २००२ मध्ये सिंथिया व्हिटचर्च व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात स्युडोमोनास जिवाणूवरील प्रयोग प्रसिद्ध केला. डीएनए तोडणारे विकर घातल्यावर कोवळा थर विरघळला. जुन्या थरावर मात्र फारसा परिणाम झाला नाही. हे विकर शेतात वापरण्यासाठी नाही, पण धडा उपयोगाचा आहे : थर कोवळा असतानाच काढावा. जाड थरात क्लोरीन वरच्या भागातच खर्ची पडते व आतील जिवाणू वाचतात.

ओळख

उपनळीचे शेवटचे टोक उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागल्यास जैविक थर, पांढरे व खरखरीत लागल्यास क्षार समजावेत. क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया, तर जैविक थरासाठी क्लोरीन प्रक्रिया करावी. ताशी ४ लिटरच्या तोटीतून १५ मिनिटांत १ लिटर पाणी मिळाले पाहिजे. पहिल्या व शेवटच्या तोटीचे पाणी मोजून पाहा.

क्लोरीन प्रक्रिया

१. प्रथम वाळूची गाळणी उलट प्रवाहाने धुवा. नंतर मुख्य नळी, उपमुख्य नळी व उपनळ्या क्रमाने टोके उघडून धुवा.

२. मात्रा २० पीपीएम धरावी. संचाचा प्रवाह ताशी १०,००० लिटर असल्यास अर्ध्या तासासाठी १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे ३०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर लागते. पावडर ताजी असावी. साठवणीत तिची ताकद घटते.

३. प्लॅस्टिकच्या बादलीत द्रावण करून निवळू द्या. वरचे स्वच्छ पाणी कापडाने गाळून व्हेंच्युरीतून सोडा. पाणी जड असल्यास चुना साचू नये म्हणून सोडियम हायपोक्लोराइट वापरणे बरे.

४. शेवटच्या तोटीपाशी क्लोरीनचा वास येतो का, ते तपासा. संच रात्रभर बंद ठेवून सकाळी सर्व नळ्या धुऊन काढा.

दक्षता

आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी, मधे संच धुऊन कराव्यात. क्लोरीनबरोबर खते, कीटकनाशके देऊ नयेत. जिवाणू खते किंवा ट्रायकोडर्मा त्याच वेळी दिल्यास ते मरतात. हातमोजे व चष्मा वापरावा.

उपनळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा आणि बुळबुळीतपणा जाणवू लागताच क्लोरीन प्रक्रिया करा. तोट्या पूर्ण बंद पडल्यावर प्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही. मग नळ्या बदलण्याचा खर्च अंगावर येतो आणि पाण्याविना गेलेला हंगामही भरून येत नाही.