वीस मीटर तार, तरी रेडिओ जुळेना

प्रश्न : हॅमचा परवाना नुकताच मिळालाय. गच्चीपासून समोरच्या आंब्यापर्यंत मोजून २० मीटर तार ओढली, गच्चीकडच्या टोकाला ९:१ ट्रान्सफॉर्मर लावला. पण ७ आणि १४ मेगाहर्ट्‌झवर ट्यूनर काही केल्या जुळत नाही. एक जुने हॅम म्हणतात, तार साडेबारा मीटर कर. तार लांब असलेली बरी ना? मग कापायची कशाला? — एक वाचक, सांगली

उत्तर : कात्री खाली ठेवा, आधी भागाकार करा. १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागलं की अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण किती मीटर ते कळतं. ७.१ ला येतात २०, १४.२ ला १०, २१.२ ला पावणेसात, २८.५ ला ५. म्हणजे तुमची तार या चार पट्ट्यांवर अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार अर्ध्या लांबींची भरते. अशा तारेच्या टोकाला प्रवाह जेमतेम आणि व्होल्टेज कळसाला. इंपीडन्स अडीच हजार ओहम धरलं, तर १०० वॅटला तिथे ५०० व्होल्ट येतात! तुमचा ट्रान्सफॉर्मर मात्र ४५० ओहमचे ५० करायला बनवलेला. अडीच हजारांना नवाने भागून पावणेतीनशे उरतात, आणि बहुतेक रेडिओंमधल्या ट्यूनरची झेप दीडशेच्या आसपास संपते.

साडेबारा मीटरमध्ये जादू नाही. १० आणि साडेतेरा (पावणेसातची दुप्पट) या दोन अडचणींच्या मधली ती मोकळी जागा, एवढंच. पट्ट्या वाढवाल तशा अशा जागा कमी होत जातात, शिवाय ३.५ मेगाहर्ट्‌झसाठी ही लांबी फारच आखूड.

मी तुमच्या जागी असतो तर तार तशीच ठेवून ट्रान्सफॉर्मर बदलला असता. ४९:१ चा लावा : ४९ गुणिले ५० म्हणजे २४५०. चारही पट्ट्या बहुधा ट्यूनरशिवाय चालतील; १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्‌झ मात्र विसरा. त्या हव्या असतील तर जुन्या हॅमचं ऐका. मग ९:१ ला काउंटरपॉइज म्हणून वेगळी काही मीटर तार जोडा आणि कोॲक्सवर चोक बसवा, नाहीतर कोॲक्सची जाळीच अँटेना होते आणि बोलताना माइक ओठाला चटका देतो.

आंब्याकडचं टोक कप्पीवरून वजन लटकवून सोडा, वाऱ्यात तार तुटणार नाही. आणि विजेच्या तारांपासून ती इतकी लांब हवी, की तुटली तरी त्यांच्यावर पडू नये.